सूर्यकिरणच्या भिंतीची विभूती

नालासोपाऱ्याच्या सूर्यकिरण अपार्टमेंटमध्ये सूर्याचा किरण कधी शिरला नाही. पण दोन हजार एक साली, दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच, तिथे देव मात्र शिरला. तोही दारातून नाही, तळमजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीच्या भिंतीतून.

दर गुरुवारी संध्याकाळी रांग फाटकाबाहेर पडून पिठाच्या गिरणीला वळसा घालून रिक्षा स्टँडपर्यंत जायची. हातात नारळ, कडेवर पोरं, पिशवीत डॉक्टरांच्या फायली. विरारची माणसं, वसईची माणसं, एक कुटुंब तर थेट डोंबिवलीहून आलेलं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी मीही त्या रांगेत उभी होते. पुढच्या बाईंनी वळून विचारलं, "पहिल्यांदाच ना? रुमाल आणलात का?"

"रुमाल कशाला?"

"विभूती रुमालात घ्यायची आणि आठ दिवसांत संपवायची. जास्त ठेवली तर पाणी सुटतं. बाबा म्हणतात, ज्याच्या मनात शंका, त्याच्या विभूतीला पाणी."

माझ्या मनात शंका गच्च भरलेली होती. त्या हिशेबाने माझ्या विभूतीचं ताकच व्हायला हवं होतं.

खोली दहा बाय बाराची. आत चाळीसेक माणसं, धूप, कापूर, आणि दोन्ही खिडक्यांना पुठ्ठे लावून वरून चिकटपट्टी, कारण भिंतीतलं तेज बाहेर जाता कामा नये. एका भिंतीवर लाल मखमली पडदा आणि पडद्यापुढे श्री विघ्नेशानंद महाराज. वय चाळिशीचं, भगवं रेशीम, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा आणि आवाज जाहिरातीतल्यासारखा.

"भक्तांनो, सकाळी या भिंतीला अकरा कलशांचा अभिषेक झाला. पाहिलात?"

"पाहिला!"

"तेव्हा भिंत कशी होती?"

"कोरी!"

"मग दाराला कडी लागली. आत कोण होतं?"

"फक्त बाबा!"

"मी नव्हतो!" महाराज कडाडले. "मी समाधीत होतो. म्हणजे मी कुठेच नव्हतो. आत फक्त ॐकार होता. तो ऐकलात?"

"ऐकला!" दाराबाहेर दिवसभर बसलेल्या बायका म्हणाल्या. त्यांनी तो खरंच ऐकला होता. एकसारखा, न थांबणारा, घुमणारा आवाज.

पडदा बाजूला झाला. खोटं कशाला बोलू, दृश्य सुंदर होतं. गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत साऱ्या भिंतीला पांढरी मऊ लव फुटली होती, पिंजलेल्या कापसासारखी. एक म्हातारी हुंदके देऊन रडायला लागली. महाराजांनी मोरपिसाने ती लव अलगद चांदीच्या ताटात पाडली आणि प्रत्येकाच्या रुमालात चिमूट चिमूट टाकली. मलाही मिळाली. बाबांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "ताई, विश्वास ठेवा. बाकीचं भिंत बघून घेईल."

भिंत काय बघून घेते ते मला चांगलं ठाऊक होतं. माझा धंदाच तो.

मी आशालता परुळेकर. डॉक्टर आहे, पण माणसांची नाडी बघणारी नाही. एमबीबीएस झाल्यावर दोन वर्षं मी क्षयाच्या दवाखान्यात काढली. तिथे एकाच पत्त्यावरून पेशंट यायचे. आधी सून, मग सासू, मग ते घर सोडून गेल्यावर त्याच खोलीत भाड्याने आलेलं नवं जोडपं. तेव्हा लक्षात आलं की मी माणसांना औषधं देतेय आणि आजारी आहे ती खोली. मग सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि इमारतींच्या मागे लागले. खिडकी केवढी हवी, वारा आत येतो तो बाहेर जातो कुठून, दोन इमारतींमध्ये अंतर किती असलं म्हणजे ऊन खालच्या मजल्यापर्यंत पोचतं, ओल चढते कशी. माझे वडील कपाळावर हात मारून म्हणाले होते, "डॉक्टर होऊन गवंड्याची कामं करणारी तू पहिलीच." नालासोपाऱ्यातल्या साडेतीनशे घरांची पाहणी करून मी नव्या इमारतींसाठी नियमावली लिहिली. ती ज्या कचेरीत दिली, तिथे वर्षभराने गेले तर माझी फाईल खिडकीच्या फटीत अडकवलेली, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. माझ्या कामामुळे एवढं एक घर तरी हवेशीर झालं.

सूर्यकिरणमधली घरंही त्या साडेतीनशेत होती. समोरची इमारत इतकी खेटून की दोघीजणी आपापल्या खिडकीतून हळदीकुंकू उरकतील. दुपारी बारा वाजता जिन्यात दिवा. आणि त्या पाहणीतच मला दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा नंबरमध्ये सत्यवती भेटली होती. वय एकतीस. नवरा जितेंद्र फोर्टातल्या कंपनीत कारकून, मुलगी ऋतिका चार वर्षांची, सासू. मी भिंतीची ओल मोजत होते आणि ती स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून खोकत होती. दोन महिन्यांचा खोकला होता तो. मीच तिला थुंकी तपासायला नेलं. क्षय निघाला. ऑगस्टअखेर उपचार सुरू झाले. सहा महिन्यांच्या गोळ्या, तिच्या नावाचा डबा, आठवड्यातून तीनदा आरोग्य केंद्रात नर्सबाईंच्या समोर घ्यायच्या. ती भाजी आणायच्या निमित्ताने जाऊन घेऊन यायची. तीन महिने तिने एक फेरी चुकवली नाही. आणि नोव्हेंबरअखेर एकदम बंद.

त्या गुरुवारी मी विभूती घेऊन सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले. सासूबाई खाली आरतीला होत्या. सत्यवतीने दार उघडलं तेव्हा आतला कोंदट वास अंगावर आला. मागची खिडकी सांडपाण्याच्या नळांकडे उघडणारी, ती आधीच बंद असायची. आता चार नंबरसारखी पुढचीही खिळे ठोकून बंद केली होती. जमिनीवर ऋतिका रंगीत खडू घेऊन बसली होती.

"सत्यवती, तीन आठवडे झाले. तुमचा डबा तसाच पडलाय."

"मला आता खोकला नाही, मॅडम. वजन पण अडीच किलो वाढलं. विभूतीने."

"विभूती कधीपासून घेताय?"

"दिवाळीनंतर."

"आणि खोकला कधी थांबला?"

तिने बोटांवर मोजलं. "दसऱ्याला."

"म्हणजे विभूतीच्या आधी. बरोबर?"

ती जरा घुटमळली, मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "बाबा म्हणतात, कृपा आधीच सुरू होते, भक्ताला नंतर कळतं."

मी डोकं शांत ठेवून सांगितलं की खोकला गोळ्यांनी थांबला, रोग अजून आत आहे, मध्येच सोडल्या तर तो परत येईल आणि तेव्हा याच गोळ्यांना दाद देणार नाही. ती म्हणाली, "गोळीने लघवी लाल होते. बाबा म्हणाले, ते रक्त जातंय. उष्ण गोळी आणि शीतल विभूती एका पोटात नांदत नाहीत."

"लाल रंग गोळीचा असतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी?"

"हो, सांगितलं होतं." ती खाली बघून म्हणाली. "पण मॅडम, गोळ्या चोरून घ्याव्या लागतात. सासूबाईंना कळलं तर माझं ताट वेगळं होईल, पोरीला जवळ येऊ देणार नाहीत. विभूती सगळेच घेतात. त्यात लपवायचं काही नाही."

मला तिचा राग आला नाही. आम्ही तिला औषध दिलं होतं आणि ते चारचौघांत घ्यायची सोय दिली नव्हती. बाबाने नेमकी तीच दिली होती. बाबाचा राग मी गिळला आणि ठरवलं, आता या भिंतीचा निकाल लावायचा. विभूती खोटी ठरली की सत्यवती गोळ्यांकडे परत येईल, इतका सरळ हिशेब होता माझा. शिकलेल्या माणसाचा भाबडेपणा तो हाच.

दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन मी निर्मळला बॅप्टिस्ट काकांकडे गेले. सत्तरीचे गवंडी. जुन्या घरांना ओल का धरत नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. केळीच्या बागेत ओट्यावर बसले होते. रुमाल उलगडला तर विभूतीला पाणी सुटलेलं. त्यांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि बाजूला थुंकले.

"लोणा हाय, बाय. खाडीच्या रेतीचा."

मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे घर बांधताना रेतीच्या ढिगावर तीन दिवस विहिरीचं गोडं पाणी मारतात. चौथ्या दिवशी घरातली वडीलधारी बाई चिमूटभर रेती जिभेवर ठेवते. ती "गोडी झाली" म्हणाली की मगच गिलाव्याला हात लावायचा. खारी रेती तशीच थापली तर मीठ भिंतीत राहतं. भिंतीत पाणी गेलं की ते विरघळतं, आणि भिंत सुकताना पाण्याबरोबर बाहेर येऊन वर फुलतं. पावसाळ्यात भिंत घामेजते, हिवाळ्यात पांढरी होते.

"कुठली इमारत?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. काकांनी रुमाल घडी घालून माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, "मी येतो. माला तो बाबा बघायचाय."

पुढच्या गुरुवारी ते रांगेत माझ्या मागे उभे राहिले. पडदा सरकला तेव्हा सगळे भिंतीकडे बघत होते, काका महाराजांकडे. बाहेर आल्यावर म्हणाले, "हा तर विघ्नेश! भिंतीची ओल थांबवायची पावडर विकत फिरायचा. आमाला चहा पाजून विचारायचा, लोणा कधी येतो, कशानं येतो, किती दिवसांत येतो. मी म्हनायचो, पोरगा जिज्ञासू हाय."

अभिषेकाचा अर्थ लागला. सकाळी अकरा कलश ओतून भिंत भिजवायची. पण एका दिवसात ती सुकते कशी? ते कोडं गिरणीवाल्याने सोडवलं, तेही नकळत. मी पीठ घेता घेता विचारलं की गेल्या महिन्यात दोन गुरुवारी विभूती आलीच नाही म्हणतात, ते का? बाबांनी तेव्हा कुणा सुतकातल्या माणसावर खापर फोडलं होतं. गिरणीवाला म्हणाला, "त्या दोन्ही दिवशी दिवसभर बत्ती नव्हती, मॅडम. माझी गिरणी बंद आणि त्यांचा देव बंद." आत बंद दाराआड जो ॐकार दिवसभर घुमत होता, त्याला वीज लागत होती.

सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव मोठे सरळ गृहस्थ. टपाल खात्यातून निवृत्त, पांढरा सदरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी त्यांना म्हटलं, "मला एक भिंत द्या, एक टेबलफॅन द्या आणि एक दिवस द्या. कुठल्याही खोलीत विभूती काढून दाखवते." त्यांना ते आव्हान वाटलं. म्हणाले, "माझ्याच हॉलमध्ये काढा. येत्या रविवारी सभा आहे. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

शनिवारी सकाळी काकांनी जयवंतरावांच्या हॉलची भिंत खरवडून रंग काढला, बादलीभर पाणी मारलं आणि पंखा लावला. रविवारी दहा वाजता सभेला बिऱ्हाडं जमली तेव्हा जयवंतरावांच्या भिंतीला पांढरी लव फुटलेली होती. थोडी विरळ, पण तीच. काही बायकांनी सवयीने हात जोडले.

"जोडू नका," मी म्हटलं. "चाखून बघा."

जयवंतरावांनी पहिली चिमूट जिभेवर ठेवली. त्यांचा चेहरा बदलला. मग एकेकाने चाखली. दोन तरुण खाली जाऊन चार नंबरचा पडदा उचकटून आले. मागे दोन उभे पंखे, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या मागोमाग महाराजही आले, रेशीम सावरत. मी म्हटलं, आता हा माणूस पळेल. पळतो कसला!

"मीठ आहे? असेल!" महाराज म्हणाले. "समुद्र कुणाचा? मीठ कुणाचं? अन्नाला चव देतो तो कोण? भक्तांनो, ही मॅडम पंखा दाखवते. अहो, वारा हासुद्धा देवच आहे!"

"मग सरळ पंख्याचीच आरती करा की," मी म्हटलं. काही जण हसले. मला वाटलं, आपण जिंकलो. सत्यवती दाराशी उभी होती, ऋतिकाचा हात धरून. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की तिला पटलंय. ते मी आजही शपथेवर सांगेन.

तेवढ्यात बॅप्टिस्ट काका उठले.

"मी एक बोलतो. ही इमारत त्र्याण्णव सालची. हिचा गिलावा माझ्या हातचा. रेतीचा ट्रक आला तवा मी ती जिभेवर घेतली. खारी होती. मुकादमाला बोललो, ही धुवायला पायजे. तो बोलला, राहायला तू येनार हायस का? मी थापी उचलली." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "फादरकडं कबुली दिली, त्याला आठ वर्सं झाली. तुमाला सांगायचं राहिलं होतं. हे मीठ नुसतं भिंतीत नाय. स्लॅबमधी हाय, आतल्या सळया खातंय. मॅडम सांगते ते ऐका. बाबाला हाकला आन् इमारत तपासून घ्या."

खऱ्या बोलण्याने माणसं शहाणी होतात असं आम्ही पुस्तकांत शिकतो. मी एकेकाचा चेहरा बघत होते आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती शहाणी व्हायची वाट बघत होते.

जयवंतरावांनी घसा साफ केला. "मॅडम, तुम्ही दाखवलंत ते मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. आम्ही काही अडाणी नाही." ते सावकाश बोलत होते, सर्वांच्या वतीने. "आता एक सांगा. भिंतीतून येते ती विभूती असेल, तर आमच्याकडे नालासोपाऱ्यात हक्काची जागा आहे. ते मीठ असेल, तर आमच्याकडे काय आहे?"

जयवंतराव त्या पांढऱ्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"मी तीस वर्षं नोकरी केली आणि ही खोली घेतली. इथे बसलेल्या प्रत्येकाचं तेच. उद्या इमारत खारी निघाली असं पेपरात आलं, तर या खोल्या कोण घेणार? बँक नाही, भाडेकरू नाही. आम्ही जायचं कुठे? झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम."

"आणि छत पडलं तर?"

"पडेल तेव्हा पडेल. तुम्ही सांगितलंत तर आजच पडतंय."

मग त्यांनी ठराव मांडला. इमारतीत आजपासून कोणतीही पाहणी नको, बाहेरच्या माणसांना प्रवेश नको, धार्मिक कार्यक्रम पूर्ववत चालू राहावेत. हात वर करा म्हणाले. ज्यांच्या जिभेवर अजून ती खारट चव होती, त्यांनीच हात वर केले. बाबांनी डोळे मिटून आशीर्वाद दिला. मी हात मोजले नाहीत, फक्त एक पाहिला. सत्यवतीच्या शेजारी उभ्या असलेल्या जितेंद्रचा हात वर होता.

जिन्यात मी त्याला गाठलं. "तुम्हाला माहीत आहे ना तिला काय झालंय ते? सगळं समोर बघून तुम्ही हात वर केलात?"

"तिच्यासाठीच केला, मॅडम." त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "एक पार्टी आलीये. डोंबिवलीची. विभूतीवाल्या इमारतीतच घर पाहिजे म्हणतात. निर्मळला मी एक जुनं घर बघून ठेवलंय, चारही बाजूंनी खिडक्या. तुम्हीच सांगितलं होतं ना, तिला हवा पाहिजे, ऊन पाहिजे? ही खोली विकल्याशिवाय मी ती हवा आणू कुठून?"

"आणि गोळ्या?"

"सौदा होऊ दे. ती सेंटरवर जाते ते कुणी पाहिलं, नर्स घरी आली, तर या खोलीत टीबी होता हे सगळ्यांना कळणार. मग कोण घेईल? दोन-तीन महिने फक्त. तोवर विभूती चालू आहे असंच दिसू दे."

मी जे शिकवलं होतं ते त्याने मन लावून ऐकलं होतं. हवा, ऊन, खिडक्या. फक्त क्रम उलटा लावला होता. आधी घर, मग गोळ्या. मी त्याला जिन्यातच पुन्हा पुन्हा सांगितलं की दोन महिने म्हणजे फार झाले. सत्यवती वरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. मी तिला हाक मारली. ती म्हणाली, "मॅडम, एवढं घर होऊ दे. मग तुम्ही म्हणाल ते."

आता माझी गोष्ट. मला त्या डोंबिवलीवाल्याला गाठून सांगता आलं असतं की ही विभूती मीठ आहे. नाव, पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. पण सौदा मोडला तर सत्यवती त्याच खोलीत, खिळे ठोकलेल्या खिडकीमागे राहणार. मी सांगितलं नाही. ठरावावर माझी सही नव्हती, पण मीही हात वर केलाच. नर्सबाईंना मी दोनदा भाजी बाजारात तिला गाठायला पाठवलं, दोनदा ती गर्दीत शिरून निघून गेली.

सौदा मार्चअखेर झाला. एप्रिलमध्ये ती निर्मळला राहायला आली, आणि त्याच आठवड्यात तिला ताप भरला. खोकला परतला. या वेळी थुंकीत रक्त होतं. आम्ही तिला लगेच गोळ्या सुरू केल्या. ती आता कुणापासून लपवत नव्हती, ठरल्या दिवशी स्वतः येऊन बसायची. तीन महिन्यांनी नमुना मुंबईला तपासायला पाठवला. उत्तर आलं की मुख्य औषधं तिच्यावर चालत नाहीत. जी चालली असती ती तेव्हा आमच्या सरकारी कपाटात नव्हती. जितेंद्रने कुठून कुठून थोडी आणली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सत्यवती गेली. खोलीला चार खिडक्या होत्या, चारही उघड्या. मी आयुष्यभर कागदावर काढत आले होते तसंच घर होतं ते, आणि मी त्यात उभी राहून काही करू शकत नव्हते.

ऋतिकाच्या छातीतही डाग निघाला. ती आईजवळ झोपायची. तिच्या गोळ्यांच्या वेळी जितेंद्र नोकरीवर उशिरा जातो, स्वतः समोर बसतो, आणि तिने गिळली की तिला तोंड उघडून दाखवायला सांगतो. ती बरी होईल असं मला वाटतं. खात्री देता येत नाही, आणि न देता येणाऱ्या खात्र्या द्यायचं काम दुसऱ्यांचं आहे.

बॅप्टिस्ट काकांनी त्यानंतर थापी धरली नाही. महाराज अजून आहेत. सूर्यकिरणच्या चार नंबरचा गिलावा झडून विटा दिसायला लागल्या, तेव्हा ते दोन गल्ल्या पलीकडे गेले. नालासोपाऱ्यात खाऱ्या भिंतींना काय तोटा!

त्या ऑक्टोबरात मी सूर्यकिरणच्या अकरा नंबरचं दार वाजवलं. आता सांगायला उशीर झाला होता, पण मनाला खात होतं. नव्या मालकांचं नाव शत्रुघ्न. त्यांनी दार अर्धंच उघडलं. आत खिडकी बंद, आणि कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला या भिंतीबद्दल सांगायचं होतं."

"मीठ ना?" ते हळू आवाजात म्हणाले. "आम्हाला मे महिन्यातच कळलं. हळू बोला, मॅडम. शनिवारी एक पार्टी बघायला येणार आहे."

"आत कोण खोकतंय?"

"वडील. साधा खोकला आहे." त्यांनी दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी नर्सबाईंना घेऊन परत गेले. दार उघडलं नाही.

लोक विचारतात, बाबा इतका ढोंगी, तर माणसं फसतात कशी? माझ्या अनुभवात माणसं फार थोडी फसतात. सूर्यकिरणमध्ये कुणीच फसलं नव्हतं, सगळ्यांनी चाखून पाहिलं होतं. म्हणून माझी विनंती साधी आहे. चमत्कार दिसला की बाबाला प्रश्न जरूर विचारा, पडद्यामागे जरूर बघा, पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे खोटं निघालं तर माझं काय जाईल? उत्तराने भीती वाटली, तर तिथेच थांबा आणि नीट विचार करा, कारण त्या भीतीवरच बाबाचं घर उभं असतं. जे जायचं ते तसंही जाणार असतं. आधी कळलं तर त्यातलं थोडं वाचवता येतं. खोली वाचली नसती कदाचित, पण माणूस वाचला असता.

सत्यवतीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या. तेवढ्या घेतल्या असत्या, तर ती बरी होणार होती. त्यात चमत्कार काहीच नव्हता.